कृपया झाकण बंद करा

यंत्र घरात येऊन आठवडा झाला होता आणि तेवढ्या दिवसांत कुलूपवाल्यांना स्वयंपाकघरातून एकही हाक आली नव्हती.

कुलूपवाल्यांचं दुकान पुढे आणि घर मागे. मधे एक दार. त्या दारातून दिवसभर काकूंची हाक यायची. "अहो, बरणी उघडून द्या." "अहो, वरचा डबा काढा." "अहो, मिठाचं बघा जरा." काकूंचं मनगट दुखायचं, म्हणून पीठ मळायचं काम कुलूपवाल्यांचं. दर हाकेला ते "काय कटकट आहे" म्हणत उठायचे, आणि उठताना त्यांना बरं वाटायचं. बरं वाटायचं हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

यंत्र पाठवलं होतं मेहुणीनं, काकूंच्या धाकट्या बहिणीनं. तिच्याकडे तसलं एक होतंच. "पंधरा दिवस वापरून बघ, ताई. पसंत पडलं तर पैसे भर, नाहीतर कंपनीवाले येऊन घेऊन जातात." ते चिरायचं, वाटायचं, मळायचं, शिजवायचं, वाफवायचं, वजन करायचं. किंमत ऐकल्यावर कुलूपवाल्यांनी ती परत एकदा सांगायला लावली होती. पण त्यांचा खरा राग किमतीवर नव्हता. यंत्र बोलायचं, आणि पुरुषाच्या आवाजात बोलायचं. सावकाश, समजूतदार, घरात कधी कुणाशी वाद न घातलेल्या माणसाचा आवाज.

"कृपया झाकण बंद करा," यंत्र म्हणायचं. काकू झाकण बंद करायच्या. खटका वाजायचा.

"छान," यंत्र म्हणायचं.

एवढ्या वर्षांच्या संसारात कुलूपवाले काकूंना कधी 'कृपया' म्हणाले नव्हते. 'छान'सुद्धा नाही. जेवण चांगलं झालं असेल तर ते दुसऱ्यांदा वाढून घेत. तेवढ्यावरून काकूंना कळतं, अशी त्यांची समजूत होती.

"मग घ्यायचं ठरलं का?" त्यांनी जेवताना विचारलं.

"बघू. मनगट मात्र दुखलं नाही हो आठवडाभर."

"वीज खात असेल बक्कळ."

"धाकटी म्हणते, काही विशेष नाही."

"जागा केवढी अडवलीय त्यानं."

"तिथे तुमच्या गंजक्या कुलपांची पेटी होती. ती तरी कुणाला लागत होती?"

"मिठाचं कळतं का त्याला?"

"वजन करून सांगतं."

"वजन केलं म्हणजे चव कळली का? चाखून बघतं का ते?"

"नाही. पण तोंडही वाकडं करत नाही," काकू म्हणाल्या आणि ताट उचलून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुकानात शाळेतल्या एक बाई कपाटाची किल्ली करून घ्यायला आल्या होत्या. किल्ली अर्धी घासून झाली होती, तेवढ्यात आतून आवाज आला. "अहो."

कुलूपवाल्यांनी कानस तशीच ठेवली, किल्ली बाईंच्या हातात दिली आणि "आलोच" म्हणून बाह्या सरसावत आत गेले.

"काय उघडायचंय?"

"काही नाही," काकू म्हणाल्या. त्या कांदा सोलत होत्या.

"हाक मारलीस ना?"

"तुम्हाला नाही. ह्यांना म्हटलं, जरा दम धरा." काकूंनी सुरीनं यंत्राकडे बोट केल्यासारखं केलं. "कांदा घाला, कांदा घाला, सारखं मागे लागलेत."

कुलूपवाले तिथेच उभे राहिले. ह्यांना. त्या घरात आजवर 'हे' एकच होते.

ते दुकानात परत आले तेव्हा शाळेच्या बाईंनी विचारलं, "सगळं ठीक ना?"

"ठीक आहे. हाक दुसऱ्याला होती."

त्या बाईंची किल्ली त्या दिवशी जरा जास्तच घासली गेली. पुन्हा नवी करावी लागली.

पुढच्या दुपारी काकू धाकटीकडे गेल्या. कुलूपवाल्यांनी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि ते यंत्रापुढे जाऊन उभे राहिले. झाकण उघडून पाहिलं. कुलूप म्हणावं असं त्यात फार काही नव्हतं. एक जीभ, एक स्प्रिंग, एक खाच. जीभ खाचेत बसली की यंत्र चालू, नाही बसली की बंद. त्यांनी बारीक कानस आणली आणि जीभ केसभर घासली. मग झाकण लावलं. खटका वाजला नाही.

"कृपया झाकण बंद करा," यंत्र म्हणालं.

"तूच कर," कुलूपवाले म्हणाले.

"कृपया झाकण बंद करा."

त्यांनी स्टूल ओढून घेतलं आणि बसून ते वाक्य पुष्कळदा ऐकलं. आठवडाभरात त्यांना इतकं शांत वाटलं नव्हतं. हिशोब सरळ होता. काकू म्हणणार, बिघडलं. कंपनी म्हणणार, परत द्या. आपण काहीच म्हणायचं नाही. त्यांनी ओट्यावरचा लोखंडाचा कीस फडक्यानं पुसला आणि दुकान उघडलं.

संध्याकाळी काकू धाकटीकडून घरी पाव करायची कृती शिकून आल्या. आल्या तशा कामाला लागल्या. पीठ घातलं, खमीर घातलं, कोमट पाणी घातलं, झाकण लावलं.

"कृपया झाकण बंद करा."

"केलंय की," काकू म्हणाल्या. त्यांनी झाकण दाबलं. मग जोरात दाबलं. मग दोन्ही कोपरं टेकून सगळा भार टाकला. घासलेली जीभ खाचेवरून घसरली आणि पलीकडे जाऊन रुतली.

"छान," यंत्र म्हणालं आणि मळायला लागलं.

मळून झाल्यावर ते म्हणालं, "कृपया झाकण उघडा." झाकण उघडेना. आत ऊब होती, खमीर होतं. पीठ फुगायला लागलं आणि थोड्या वेळानं झाकणाच्या भोकातून बाहेर आलं. कुणीतरी जीभ काढून दाखवावी तसं दिसत होतं.

दुकानात कुलूपवाल्यांना सगळं ऐकू येत होतं. ठोकणं, ओढणं, "अगं बाई". यंत्र बंद पडण्याऐवजी अडकलं होतं, पण हे तर त्याहून चांगलं झालं. घरात कुलूप अडकलंय आणि घरात कुलूपवाला आहे. आता हाक येणारच. त्यांनी हत्यारं काढून ठेवली, हात पुसले, चष्मा पुसला.

आतून काकूंचा आवाज आला. "हॅलो, कंपनी का?"

कुलूपवाले आत गेले. "घरात कुलूप अडकलं आणि तू कंपनीला फोन करतेस?"

"दुसऱ्या कुणी हात लावला तर वॉरंटी जाते म्हणे."

"दुसऱ्या कुणी?"

"त्यांच्या कागदावर तसंच आहे. मी काय करू?"

सकाळी कंपनीच्या बाई आल्या. चुणचुणीत होत्या. पट्टीसारखं एक हत्यार घालून त्यांनी झाकण सोडवलं, पीठ पुसलं आणि जिभेवर बॅटरीचा उजेड धरला.

"हे कुणीतरी घासलंय," त्या म्हणाल्या.

कुलूपवाले भिंतीकडे बघत राहिले. तेवढं बघत राहिले असते तर निभावलं असतं.

"नेलकटरनं वगैरे घासलं असावं," बाई म्हणाल्या. "फारच ओबडधोबड काम आहे."

"ओबडधोबड?" कुलूपवाले वळले. "अहो बाई, नीट बघा. कडेला खरवड आहे का कुठे? एका रेषेत उतरलीय ती. नेलकटर म्हणे. बारीक कानस लागते त्याला, आणि हात लागतो."

काकूंनी कुलूपवाल्यांकडे बघितलं. कुलूपवाल्यांचं तोंड अजून उघडंच होतं.

"कृपया झाकण बंद करा," यंत्र म्हणालं.

कंपनीच्या बाई चांगल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. "काकू, आता हे परत नेता येणार नाही," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाइकानं मोडलेलं आम्ही घेत नाही. पैसे भरावे लागतील. नवीन खटका मागवला तर त्याचे वेगळे."

"खटक्याचं मी बघतो," कुलूपवाले हळूच म्हणाले.

"तुम्ही बघितलंत तेवढं पुरे झालं," काकू म्हणाल्या.

बाई गेल्यावर काकू ओट्यावरचं वाळलेलं पीठ खरवडत बसल्या. बराच वेळ खरवडलं.

"का केलंत?"

कुलूपवाल्यांनी चष्मा काढला, परत घातला. "तू त्याला 'ह्यांना' म्हणालीस."

"कधी?"

"कांदा सोलताना."

काकूंचा हात थांबला. "अहो, माझी जीभ घसरली. म्हणून तुम्ही त्याची घासलीत?"

कुलूपवाल्यांनी चष्मा पुन्हा काढला.

"आणि मी ते परतच पाठवणार होते," काकू म्हणाल्या.

"मनगटाला बरं वाटत होतं ना?"

"मनगटाला वाटत होतं. पण सारखं आपलं छान, छान. परवाचं सूप खारट झालं होतं, तरी छान. तुम्ही मुकाट्यानं प्यायलात, ते मला दिसलं नाही का? एरवी लगेच तोंड वाकडं केलं असतंत. ह्या यंत्रापायी तुम्हीपण तोंड वाकडं करायचे थांबलात. मग मला कळायचं कसं?"

"मग आता?"

"आता वापरायचं. पसंत पडलं ना तुम्हाला."

त्या रविवारी कुलूपवाल्यांनी पितळेची नवी जीभ केली. मूळच्या जिभेपेक्षा चांगली झाली. खटका गोड वाजायचा. फक्त उघडताना अंगठा खालून दाबून झाकण जरा डावीकडे घ्यावं लागे. त्यांनी ते काकूंना दाखवलं. काकूंनी करून पाहिलं, झाकण हललं नाही.

"मला नाही जमायचं," काकू म्हणाल्या. "तुम्हालाच यावं लागेल."

"काय कटकट आहे," कुलूपवाले म्हणाले.

मग दारातून हाक यायला लागली. "अहो, झाकण." सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, कधी मधेच. उठलेच आहेत तर वरचा डबाही काढायचे. मिठाचंही बघायचे. तोंडही वाकडं करायचे.

एकदा ते गल्लीतल्या दवाखान्याचं कुलूप बसवून मागच्या बाजूनं घरी आले. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. आत काकू यंत्रापुढे उभ्या होत्या. त्यांनी एका हातात चमचा धरला, दुसऱ्या हाताचा अंगठा खालून दाबला, झाकण डावीकडे घेतलं आणि उघडलं. चमच्यानं थोडं चाखून पाहिलं. झाकण परत लावलं, खटका वाजू दिला. मग चमचा धुतला, जागेवर ठेवला, पदर नीट केला आणि दुकानाच्या दाराकडे तोंड करून हाक मारली.

"अहो, येता का? झाकण अडकलंय."

कुलूपवाले खिडकीखाली वाकले. हाक दुकानाकडे गेली होती, तेव्हा उत्तर दुकानातूनच यायला हवं होतं. ते हत्यारांची पिशवी पोटाशी धरून गल्लीतून वळसा घालून धावले, पुढच्या दारानं दुकानात शिरले आणि आतल्या दारात येऊन उभे राहिले.

"एवढी धाप का लागलीय?" काकूंनी विचारलं.

"गिऱ्हाईक होतं."

त्यांनी बाह्या सरसावल्या आणि झाकणाशी चांगला वेळ झटापट केली.

"फारच अडकलंय आज," ते म्हणाले.

"हो ना," काकू म्हणाल्या. "मी किती ओढलं."

झाकण उघडलं.

"छान," यंत्र म्हणालं.