टेम्पोचा विमा आणि अलमासचा व्हिडिओ

"भाभी, टेम्पोचा विमा कालच संपलाय," एजंट सलिलने फोनवर सांगितलं, तेव्हा अलमासच्या हातातला खारीचा ट्रे जमिनीवर आपटायचाच बाकी राहिला.

थेरगावातल्या तिच्या बेकरीचा माल उद्यापासून चाकणच्या एका कंपनीच्या कँटीनला जायचा होता. चालू विम्याचा कागद दाखवल्याशिवाय तिथला गेटवाला गाडी आत सोडणार नव्हता. आणि विमा संपला होता तो विसरल्यामुळे नव्हे, तर भांडणामुळे. टेम्पो चालवणारा तिचा नवरा एहसान म्हणायचा, नुसता थर्ड पार्टी घेऊ. समोरच्याचं नुकसान कंपनी भरेल, आपलं कशाला होतंय? अलमास म्हणायची, फुलच घ्यायचा, आपल्या गाडीचीही भरपाई मिळाली पाहिजे. रोज जेवताना हाच घोळ. तेवढ्यात तारीख उलटून गेली.

"थर्ड पार्टी आत्ता मिळेल," सलिल म्हणाला. "फुल पाहिजे तर गाडीचा व्हिडिओ लागेल. ॲपवरच काढायचा. चारी बाजू दिसल्या पाहिजेत आणि मधे थांबायचं नाही."

"फुलच," अलमास म्हणाली. "ह्यांचा काय भरवसा!"

"माझा?" एहसान दुखावला. "एक ओरखडा तरी पडलाय का गं माझ्या हातून?"

टेम्पो धुऊन पुसून लख्ख झाला. अलमासने मोबाइलवर पुढची बाजू घेतली, उजवी घेतली. पण डावी बाजू भिंतीला चिकटलेली. रेकॉर्डिंग चालू ठेवूनच ती ओरडली, "अहो, मागे घ्या जरा!" आणि स्क्रीनवरची नजर न काढता हात हलवू लागली.

"येऊ दे... येऊ दे... भरपूर जागा आहे... येऊ दे..."

स्क्रीनवर जागा खरंच भरपूर दिसत होती.

धाडकन आवाज झाला. टेम्पोचा मागचा दिवा फुटून रस्त्यावर सांडला आणि मागे लावलेली अलमासची स्कूटी सपशेल आडवी झाली.

"दिसत नाही का तुम्हाला?" अलमास किंचाळली.

एहसान खाली उतरला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "अगं, तूच येऊ दे म्हणत होतीस!"

"मी काहीही म्हणेन! तुम्ही ऐकायचं कशाला?"

मग तिचं लक्ष हातातल्या मोबाइलकडे गेलं. रेकॉर्डिंग चालूच होतं. घाईघाईने ते बंद करायला गेली, तर बोट भलत्याच बटणावर पडलं आणि स्क्रीनवर अक्षरं उमटली : 'धन्यवाद. आपला व्हिडिओ मिळाला.'

अलमासने लगेच सलिलला फोन लावला. "परत मागवता येतो का रे?"

"भाभी, तो काय कालचा पाव आहे का?"

दुपारी विमा कंपनीतून एका बाईंचा फोन आला. अलमासने स्पीकर लावला.

"मॅडम, व्हिडिओत 'येऊ दे, येऊ दे' कोण म्हणतंय?" बाईंच्या मागे कुणीतरी हसू दाबत होतं.

"मी."

"बरं. गाडी मागे येताना उरलेल्या बाजूही दिसल्या. बाकी गाडी चांगली आहे, पॉलिसी मंजूर करतोय. फक्त मागचा फुटलेला दिवा आणि तिथे पडलेला पोचा, यांची भरपाई आमच्याकडे मागू नका, ते विम्याच्या आधीचं नुकसान. कागद संध्याकाळपर्यंत येईल."

अलमासने डोळे मिटले. चाकण वाचलं!

"आणि मॅडम, ती स्कूटी कुणाची? नंबर दिसला म्हणून सहज तपासला."

"माझीच की."

"तिचा विमा संपून दोन वर्षं झालीत."

त्याच स्कूटीवरून अलमास रोज डांगे चौकात पोलिसांसमोरून ताठ मानेने जात होती. फोन ठेवून तिने चोरट्या नजरेने नवऱ्याकडे पाहिलं. आता हा आयुष्यभर बोलून दाखवणार!

एहसानने स्कूटी उभी केली, वाकडा आरसा सरळ केला, सीटवरची धूळ झटकली.

"हिचापण फुलच घेऊ," तो म्हणाला. "फक्त व्हिडिओ मी काढतो."