व्रताला केळं चालतं

रविवारी सकाळी चर्चच्या हॉलात रक्ततपासणी होती, औषधांचा वास यायला हवा होता; येत होता तो उकडलेल्या रताळ्यांचा. बाकांवर गोखिवऱ्याच्या कारखान्यांत राबणारी, आपापली गावं दूर सोडून आलेली माणसं बसली होती, न्हाऊनमाखून, कपाळी गंध लावून. अंगणातला चाफा एकेक फूल गाळत होता. दवाखान्याच्या डॉक्टर ज्ञानदांनी पहिल्या माणसाचं बोट हातात घेतलं. "काही खाल्लं नाही ना?"

"नाही मॅडम, व्रत आहे," शत्रुघ्न म्हणाला. "फक्त रताळं, दोन केळी, थोडा शिंगाड्याचा हलवा."

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली.

नर्स थेरेसाने कपाळाला हात लावला. चर्च आणि दवाखान्याची ही सोयरीक तिनेच जुळवली होती, ती मुख्यतः शत्रुघ्नासाठी. त्याच्या पायांना मुंग्या येत, तहान भागत नसे. रक्तात साखर असणार, असं तिचं मन सांगे. पण तो दवाखान्याची पायरी चढेना. फादर पास्कलचा शब्द मात्र कुणी मोडत नसे. म्हणून तिने फादरना निरोप द्यायला सांगितलं, उपाशी पोटी या. फादर शब्दांचे शौकीन. 'उपाशी' त्यांना केविलवाणं वाटलं. खोल्याखोल्यांतून फिरून ते सांगून आले, "इतवार को व्रत रखके आना."

व्रत म्हटलं की फराळ आलाच. त्यात फादरनी सांगितलेलं व्रत. पहाटेपासून घरोघरी शेगड्या पेटल्या होत्या.

इतक्यात चाफ्याखालून फादर आले, वाऱ्यावरच्या पानासारखे डुलत, आणि बाकावर कलंडले.

"फादर, काय खाल्लंत?"

"काही नाही. काल दुपारपासून. लोकांना सांगायचं न् आपण जेवायचं, असं कसं?"

डॉक्टरांनी त्यांचं बोट टोचलं. "सगळ्या हॉलात उपाशी माणूस एकच. आणि यांना आता आधी काहीतरी गोड द्या."

शत्रुघ्नाने केळं सोललंच होतं. "खा फादर. व्रताला केळं चालतं."

फादरच्या चेहऱ्यावर हळूहळू ऊन परतलं. डॉक्टर बॅग आवरू लागल्या. थेरेसाच्या मनात आलं, हातचा रविवार गेला, हा माणूस काही पुन्हा यायचा नाही. शत्रुघ्न हातातल्या सालीकडे बघत बसला होता.

"हे एकटे भुके राहिले," तो म्हणाला, "न् आम्ही हलवा खाल्ला. अच्छा नाही वाटत. पुढच्या इतवारी आम्ही पण काही खाणार नाही. पाणी चालेल ना, सिस्टर?"

"चालेल रे," थेरेसा म्हणाली, आणि चाफ्याकडे बघत राहिली.

पुढच्या रविवारी हॉलात फक्त चाफ्याचा वास होता. सगळे उपाशी. शत्रुघ्नाची साखर निघालीच, पण वेळेवर; गोळ्या सुरू झाल्या, हलवा बंद झाला. शेवटी डॉक्टरांनी फादरना हात पुढे करायला सांगितला. फादरनी तो झग्यात लपवला.

"मागल्या वेळी चक्कर आली होती ना," ते पुटपुटले. "म्हणून आज जरा ऑम्लेट-पाव..."

शत्रुघ्न त्यांच्या कानाशी वाकला.

"असू दे, फादर. तुमच्या व्रताला ऑम्लेट चालत असेल."