नागाच्या पेटीचे रोगण

देवाला घर लागत नाही. पण देवाला घर नाही, हे भक्ताला बघवत नाही. जगातल्या बहुतेक समित्या याच कळवळ्यातून जन्माला येतात. वारणाकाठच्या पिंपळदऱ्याची ‘सर्पसदन समिती’ १९४४ च्या उन्हाळ्यात अशीच जन्माला आली.

पंचमीसाठी नाग धरून आणायची रीत गावात जुनी. धरलेला नाग मडक्यात घालायचा, तोंडाला फडके बांधायचे, पाहुण्यासारखा जपायचा आणि पुजून झाल्यावर शेतात सोडून द्यायचा. या पद्धतीत एकच दोष होता: ती विनातक्रार चालली होती. बांधकाम खात्यातून पेन्शनीत निघालेल्या नानासोंना तो तत्काळ दिसला. (नानासोंनी तेवीस वर्षे रोगण मंजूर केले होते, लावले एकदाही नव्हते.) काचेच्या दाराची सागवानी पेटी करावी आणि तिला नागाला बाधणार नाही असेच रोगण लावावे, असे ठरले.

पेटी जोतीराम सुताराने केली. फळी तोंडासमोर धरून, एक डोळा मिटून, तो केसाएवढा बाक सांगत असे. गावात त्याने बसवलेले एकही दार पावसात अडत नव्हते. त्याने फटींत लुकण भरले, काच बसवली आणि आपले काम संपले असे समजून बिडी पेटवली.

आता नागाला रोगणाचा वास सोसेल की नाही, हे ठरवायचे कसे? नागावर प्रयोग करणे म्हणजे पाप. कोंबडीवर करावा, तर तिला साक्ष देता येत नाही. म्हणजे ज्याला जीव आहे, वाचा आहे आणि जो देव नाही, असा कोणीतरी हवा होता. सगळ्यांनी जोतीरामाकडे पाहिले.

“नागोबाला इचारता येत न्हाई,” नानासो म्हणाले. “तुला इचारता येतं.”

“पर मला कुणी इचारलंच न्हाई की,” जोतीराम म्हणाला.

ही संमती समजण्यात आली.

पुढचे शास्त्रोक्त होते. नागाचे वजन एक शेर, जोतीरामाचे सव्वा मण. म्हणजे एक जोतीराम बरोबर पन्नास नाग. जो वास नागाला एका घटकेत बाधेल, तो जोतीरामाला बाधायला पन्नास घटका लागणार. म्हणून प्रत्येक रोगणाला रोज पाच घटका, असे दहा दिवस, त्याने पेटीत डोके घालून बसावे, असा ठराव झाला. देवाची सेवा म्हणून तो बसलाही. मनातून थोडा फुशारलाही, हे कबूल केले पाहिजे.

जवसाचे तेल दहा दिवसांत वाळले नाही. जोतीरामाचा कान फळीला चिकटला. (नागाच्या बाबतीत दर्शनाची कायमची सोय झाली असती, पण पंचमीनंतर सोडणे अवघड.) डांबराने त्याला भोवळ आली, पण ते फेटाळले गेले वेगळ्याच कारणाने: काळ्यावर काळा नाग उठून दिसेना. लाखेला समितीतल्या जिनदत्त शेटजींनी हरकत घेतली. एवढ्या लाखेमागे किती किडे मरतात, याचा त्यांनी मांडलेला आकडा ऐकून सभा हळहळली. किड्यांबद्दल दोन मिनिटे स्तब्धता पाळण्यात आली. तेवढा वेळ जोतीरामही पेटीत स्तब्धच होता.

उरली स्पिरिटात विरघळवलेली राळ. लढाईमुळे चांगले स्पिरिट मिळेना. कोणी कुठून तरी दिवे पेटवायच्या निळसर स्पिरिटाची एक बाटली आणली. पेटी आरशासारखी चमकली. सातव्या दिवशी जोतीराम म्हणाला, काचेवर धुकं हाय. नानासोंनी स्वतः धोतराच्या सोग्याने काच पुसली. इतिवृत्तात नोंद आहे: ‘काच स्वच्छ. तक्रार निराधार.’ उरलेले तीन दिवस पूर्ण करून घेण्यात आले.

घरी जाऊन जोतीरामाने फळी डोळ्यासमोर धरली. फळीला कडाच नव्हती. त्याने बोट फिरवून पाहिले; कडा जागेवरच होती.

त्याची बायको तानुबाई तडक समितीपुढे येऊन उभी राहिली. “आवं नानासो, पंचमीचा नाग आठ दिस झालं माज्या घरात मडक्यात हाय. फणा काढतोय, फुसकारतोय. त्याला काय धाड भरली न्हाई. ह्यांच्याकडं बघा की जरा.”

नाग सुखरूप असल्याचे कळल्याबद्दल समितीने समाधान व्यक्त केले.

जोतीरामाला मिरजेला डॉक्टरकडे न्यायचे ठरले. पण दुसऱ्या दिवशी पंचमी. त्या दिवशी चिरणे-कापणे वर्ज्य आणि डॉक्टर कापतात हे सर्वश्रुत. विषय पुढे ढकलला, तो तिथेच राहिला. तसेही सुतार एक डोळा मिटूनच काम करतो, तेव्हा नुकसान निम्मेच धरावे, असे नानासोंनी सुचवले. दोन्ही डोळ्यांचा प्रश्न होता, हे कोणीतरी हळूच सांगितले. पण आभारप्रदर्शन सुरू झाले होते.

एकही रोगण सुरक्षित नाही, हे सिद्ध झाल्याने समितीचे कार्य यशस्वी ठरले. नाग मडक्यातच पुजला गेला. पेटीत समितीचे कागद ठेवले आहेत. त्यांना वास बाधत नाही. जोतीरामाचा नारळ देऊन सत्कार झाला, तेव्हा त्याचा हात नारळाच्या शेजारून गेला आणि टाळ्या पडल्या.

पुढच्या महिन्यात पंचक्रोशीतून समितीकडे बासष्ट चौकशा आल्या. सगळ्यांचा प्रश्न एकच: नागाचे पुढे काय झाले? आपणही हे वाचताना मघापासून तेच विचारू पाहत आहात, म्हणून कळवितो. नाग खुशाल आहे. जोतीरामाविषयी अद्याप एकही चौकशी आलेली नाही. आपली आल्यास त्रेसष्टावी म्हणून नोंदवून घेऊ.