डोळ्यांचा निकाल

दृष्टी ही निसर्गाची देणगी असली, तरी तिचा निकाल ही शाळेची जबाबदारी असते. मागच्या वर्षी नेत्रतपासणीत शिशुवर्गाचा निकाल ब्याऐंशी टक्के लागला आणि पलीकडच्या गल्लीतल्या शाळेचा सत्त्याण्णव. मुख्याध्यापकांनी शिशुवर्गाच्या बाईंना बोलावून घेतले. "बाई, त्यांची पोरं काय आकाशातून पडलीत? तयारी कमी पडतेय आपली."

बाई कर्तव्यदक्ष. त्यांनी तपासणीचा तक्ता वर्गातच टांगला. त्यावर तीन दातांचा एक कंगवा आठ ओळींत लहान लहान होत जातो, आणि दात कुठल्या बाजूला आहेत एवढेच सांगायचे असते. बाईंनी त्याला चाल लावली. वर, खाली, डावीकडे, पुन्हा वर. रोज प्रार्थनेनंतर दोनदा, घरी झोपण्यापूर्वी एकदा, शनिवारी जादा तास. सराव परीक्षाही झाली. समोरच्या गच्चीवरच्या दोरीचे चिमटे वर्गात बसून मोजणारी एक मुलगी चाल विसरून पाचव्या ओळीत अडखळली. तिच्या वहीत "डोळ्यांकडे लक्ष द्यावे" असा शेरा गेला. (एका डोळ्याने नापास झालेल्यास दुसऱ्या डोळ्याचे वाढीव गुण द्यावेत काय, यासाठी उपसमिती नेमली होती. तिचा अहवाल बारीक टायपात असल्याने अद्याप कोणी वाचलेला नाही.)

सरावात पहिली आली मैना. एकदा ऐकले की तोंडपाठ, म्हणून सगळे तिला मैनाच म्हणत. चित्रांचे पुस्तक ती नाकाला लावून बघे आणि दारातून जाताना चौकटीला धडके. "धांदरट आहे हो," तिची आई कौतुकाने सांगे, "पण डोकं बघा!"

तपासणीच्या दिवशी अर्थातच पहिला मान मैनाचा. तपासनीस अजून टेप लावून अंतर मोजत होता; त्याचा तक्ता टेबलावर गुंडाळी करून पडला होता. मैनाने एक डोळा झाकला, समोरच्या कोऱ्या भिंतीकडे पाहिले आणि आठही ओळी चालीसकट म्हणून दाखवल्या. मग दुसरा डोळा झाकून पुन्हा. एक चूक नाही.

वर्गाने टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापकांनीही वाजवल्या. बाईंनी मात्र टेबलावरच्या गुंडाळीकडे पाहिले. वर्षभर आपण या पोरीला चौकटीपायी रागावलो, हे आठवून त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"सर, तक्ता लावलेलाच नाही."

"उत्तरं बरोबर आहेत ना?"

"सर, तिला दिसत नाहीये!"

"असं कसं? पहिली आलीय ती."

हे बिनतोड होते. बाईंनी तक्ता उचलला आणि भिंतीवर उलटा टांगला. मुलांनी इमानाने तीच चाल म्हटली. निकाल अडीच टक्के, म्हणजे चाळिसांत एक. चिमटे मोजणारी.

पालकसभेत अभ्यासक्रमाबाहेरचा तक्ता आल्याबद्दल एकोणचाळीस घरांनी निषेध नोंदवला. बाईंना लेखी समज मिळाली. पण चाल बंद करून फेरतपासणी झाली, आणि मैनाला जाड काचांचा चष्मा लागला.

चष्म्याच्या पहिल्या दिवशी मैना बराच वेळ छताकडे बघत राहिली.

"बाई, ती पाल रोज असते?"

"रोज असते गं."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

बाई हसल्या, आणि उगाचच कोरा फळा पुसायला वळल्या.

शाळा सुटली. मैना फाटकातून धावत सुटली आणि आईच्या कमरेला बिलगली. "आई, तू रस्त्याच्या पलीकडे असतेस ना, तेव्हापासूनच हसत असतेस! मला वाटायचं, जवळ आल्यावर हसतेस."

"हो का? बरं बरं," आई दप्तर घेत म्हणाली. "आज किती पडले ते सांग आधी."

(वाचकांनी या आईला हसण्याची घाई करू नये. परवा तुमचे पोर हात धरून ओढत तुम्हाला काहीतरी दाखवायला नेत होते. काय होते ते?)