चौथा व्हॉल्व्ह

शनिवारी दुपारी मर्ल प्रुइट गॅरेजमध्ये शिरला तो काखेत जाड ब्लँकेट मारूनच. बाहेर गुडघाभर बर्फ होतं हे खरं, पण ते ब्लँकेट त्याला पांघरायचं नव्हतं. ते गेरिटच्या अँप्लिफायरला गुंडाळायचं होतं.

"अजून काही ठरलं नाहीये," गेरिट म्हणाला.

"मी कुठे काय म्हणालो?" मर्ल ब्लँकेटची घडी सारखी करत म्हणाला. "गाडीची मागची बाजू मात्र रिकामी करून आणलीय. असावी आपली."

गेरिट व्हॅन्डर मोलेन आयुष्यभर कागदाच्या गिरणीत राबला आणि संध्याकाळी या गॅरेजमध्ये बसून गिटार वाजवत राहिला. शुक्रवारी माजी सैनिकांच्या लीजन क्लबच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांची पंगत असायची, तिथेही हाच वाजवायचा. दोन हिवाळ्यांपूर्वी त्याची बायको लव्हॉन गेली आणि महिन्याभरात त्याच्या अँप्लिफायरचा आवाजही गेला. म्हणजे यंत्र वाजायचं, पण त्यातलं काहीतरी नाहीसं झालं होतं. त्याच सुमाराला एक जुना व्हॉल्व्ह खरखरायला लागला म्हणून गेरिटने तो बदलला होता. मग काय, सगळा दोष त्या बिचाऱ्या नव्या व्हॉल्व्हवर. गिटारचा आवाज सगळ्यात आधी ज्यांच्या हातात पडतो ते हे अंगठ्याएवढे काचेचे व्हॉल्व्ह. जुन्या बनावटीचे हवेत, आताच्यांत राम नाही, असं तो येईल त्याला सांगत सुटला आणि गिटारला हात लावायचा बंद झाला. लव्हॉन पलीकडे स्वयंपाकघरात असायची तेव्हाचा आवाज त्याला हवा होता. ती तर परत येणार नव्हती, निदान तो आवाज तरी यावा, एवढंच त्याचं मागणं होतं.

शेवटी त्याने कुठून कुठून चार जुने व्हॉल्व्ह मिळवले आणि लीजनमध्ये चारचौघांत बोलून बसला, "या चारांतही तो आवाज नसला तर यंत्र मर्लचं." मर्लचा त्या यंत्रावर पहिल्यापासून डोळा. त्याने तिथल्या तिथे हात पुढे केला, आणि गेरिटला तो हातात घ्यावा लागला.

परीक्षेची पद्धत मर्लनेच ठरवली. गेरिटने भिंतीकडे तोंड करून वाजवायचं. मर्लने मागच्या बाजूने पहिल्या खोबणीत एकेक व्हॉल्व्ह बसवायचा आणि कुठला कुठला ते सांगायचं नाही. चर्चमधल्या गाणाऱ्यांना वर्षानुवर्षं तालावर नाचवत आलेला ऑरिन डेक्कर पंच म्हणून खुर्चीत बसला. गेरिटची मुलगी ट्रूडी शनिवार-रविवारसाठी लान्सिंगहून आली होती, ती आत वाटाण्याचं सूप ढवळत होती.

पहिला व्हॉल्व्ह बसला. गेरिटने दोन-चार सूर छेडले.

"पातळ," ऑरिन डोळे मिटून म्हणाला. "ताक आहे ताक."

दुसरा बसला. "हा बरा. पण कडा करपल्यात. मधे मऊ, कडेला करपलेला."

"आवाज ऐकतोयस का न्याहारी करतोयस?" मर्ल मागून म्हणाला.

तिसऱ्या व्हॉल्व्हला गेरिटने वॉल्ट्झ नाचाची एक जुनी धून धरली. चार ओळी वाजवल्या असतील नसतील, त्याचा हात हळू झाला. मग त्याने तोच तुकडा पुन्हा वाजवला, मग आणखी एकदा. भिंतीकडे तोंड होतं म्हणून बरं, कारण त्याचे डोळे भरून आले होते. आवाज पुढे जात होता आणि कुठून तरी फिरून, जरा उशिरा, गरम होऊन त्याच्यापाशी परत येत होता. हाच तो.

"हाच," तो म्हणाला.

ऑरिनने डोक्यावरची टोपी काढली. "साय," तो हळूच म्हणाला. "नुसती साय."

मर्लने यंत्र बंद करून रुमालात धरून व्हॉल्व्ह उपसला आणि त्यावरची पुसट अक्षरं वाचली. चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. "हॉलंडचा आहे."

"रक्त रक्ताला ओळखतं बघ," ऑरिन म्हणाला. "याचे आजोबा तिथलेच."

"ठरलं तर मग," गेरिट म्हणाला. "मर्ल, ब्लँकेट घेऊन जा घरी."

"चार म्हणजे चार," मर्ल हट्टाला पेटला. "चौथा ऐकल्याशिवाय मी हलत नाही." आणि या घाईतच चौथा व्हॉल्व्ह त्याच्या हातून निसटला आणि गडगडत कामाच्या बाकाखाली गेला. मर्ल पोटावर पडून, टॉर्च दातात धरून आत सरपटला. ऑरिनला वाटलं, व्हॉल्व्ह बसवून झालाय, गडी आता काहीतरी आवरतोय. त्याने बटण दाबलं, गेरिटने वाजवलं.

"अहाहा," ऑरिन म्हणाला. "हा चौथा भारदस्त आहे. खाली पाया पक्का, वर काचेसारखा स्वच्छ. तिसऱ्याची माया नाही, पण घराणं मोठं."

"कुठला चौथा?" बाकाखालून आवाज आला. "चौथा माझ्या हातात आहे."

गेरिटने आणखी एक तार छेडली. यंत्र ठणठणीत वाजलं. मर्ल अंगावरची धूळ न झटकता उठला आणि मागून वाकून बघू लागला. पहिली खोबण रिकामी होती.

"गेरिट, गिटारची वायर कुठे खोचलीयस?"

"उजवीकडे. कायम उजवीकडेच. आवाज थरथरवायचं बटण तिकडेच आहे ना."

"पहिली खोबण डावीकडची आहे, लेका. उजवीकडचा आवाज दुसरीतून जातो." मर्लने कपाळाला हात लावला. "आवाज ज्या कानातून जातच नाही तो कान आपण तासभर कोरतोय."

ऑरिनने काढलेली टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

"म्हणजे ती साय..." ऑरिनने विचारलं.

"तुझ्या डोक्यात."

"आणि दोन वर्षांपूर्वी बदलला तो?"

"तोही पहिल्याच खोबणीतला," गेरिट म्हणाला आणि मटकन स्टुलावर बसला.

मग चारही व्हॉल्व्ह दुसऱ्या खोबणीत बसवून पाहिले. आता ऑरिनने तोंड उघडलं नाही. गेरिटने प्रत्येकावर तोच वॉल्ट्झ वाजवला. आवाज चांगला होता, चारही वेळा चांगला होता. हॉलंडवाल्याचाही चांगला होता. पण तो नव्हता. दोन वर्षं तो ज्याच्या मागे लागला होता ते व्हॉल्व्हमध्ये नव्हतंच, आणि मघाशी डोळ्यांत पाणी आलं ते म्हातारपणाचे चाळे, असं त्याने स्वतःला बजावलं.

"ने," तो म्हणाला.

"तसं नाही रे, पुढच्या आठवड्यात..." इतकी वर्षं डोळा ठेवून बसलेला मर्ल आता अडखळायला लागला.

"शब्द दिलाय. ने."

मर्ल आणि ऑरिनने यंत्र ब्लँकेटमध्ये गुंडाळून उचललं तेवढ्यात स्वयंपाकघराकडचं दार उघडून ट्रूडी आली. "सूप तयार होऊन किती वेळ झाला. आणि बाबा, हे कुठे चाललंय?"

ऑरिनने झालं ते सगळं सांगितलं, साय वगळून. ट्रूडी ऐकत होती. मधेच तिने हात वर केला. "तिसरा म्हणजे तो वॉल्ट्झ? पहिल्यांदा वाजवलात तो?"

"हो. का?"

"तेव्हा मी इथेच उभी होते, या दारात. जेवायला बोलवायला आले होते. पण तुम्ही वाजवताय हे ऐकलं आणि बोलवावंसंच वाटेना. दार उघडं धरून राहिले. मग घरातली ऊब जायला लागली म्हणून लावून घेतलं. नंतर ते यंत्रात डोकं घालणं चाललं होतं, मी आपली आतच बसले."

गेरिट त्या दाराकडे बघत राहिला. लव्हॉनने ते दार कधी म्हणजे कधी लावलं नव्हतं. घर तापवायचं तेल फुकट जळतं म्हणून दर हिवाळ्यात तो तिच्यावर खेकसायचा आणि ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची. ती गेल्यावर त्याने स्वतःच्या हाताने ते घट्ट लावून घेतलं होतं. तेल वाचलं होतं खरं.

"खाली ठेवा," तो म्हणाला.

दार सताड उघडं टाकून त्याने वॉल्ट्झ वाजवला. सूर स्वयंपाकघरात गेले, फरशीवरून, भांड्यांवरून फिरले आणि जरा उशिरा, गरम होऊन परत आले. ट्रूडीने तोंड फिरवून घेतलं. ऑरिनने बोलायला तोंड उघडलं.

"एक शब्द काढलास तर चालत घरी जाशील," मर्ल म्हणाला. त्याने ब्लँकेटची घडी घातली आणि त्या दुःखात सूपचे तीन वाडगे रिचवले.

रविवारी चर्चहून आल्यावर ट्रूडी लान्सिंगला निघून गेली. गेरिटने दार उघडं टाकलं, स्टूल ओढलं आणि वाजवायला बसला. आवाज आला. अगदी तोच आला, त्यात काडीचं उणं नव्हतं. तो वाजवत राहिला, आणि जेवणाची वेळ झाली तसा त्याचा हात आपोआप थांबला. या वेळेला आतून हाक यायची, गेरिट, पुरे आता, ताट वाढलंय. आणि तो दरवेळी "आलो" म्हणायचा, आणि आणखी अर्धा तास जायचा नाही. तिने किती अन्न परत परत गरम केलं असेल.

तो कान देऊन बसला. आत कुणी नव्हतं.

"आलो गं," तो म्हणाला, आणि गिटार लगेच खाली ठेवून उठला.