मयताची बाजू

आमच्या चर्चचे सर्वांत जुने सभासद व्हर्लिन टॉर्गर्सन मंगळवारी वारले. शवपेटी उचलायला सहा धडधाकट माणसं लागतात आणि आमच्याकडे उरलेल्या बहुतेकांचे गुडघे बदललेले आहेत, ही बाब पास्टरबाईंनी कार्यकारिणीच्या निदर्शनास आणली.

बाकीचे कुठे गेले, हे सगळ्या मिनेसोटाला ठाऊक आहे. निम्मे हायवेवरच्या उजव्या, झेंडेवाल्या चर्चमध्ये, निम्मे नदीकाठच्या डाव्या, इंद्रधनुष्यी पताकावाल्या चर्चमध्ये. आम्ही मधले. कुणालाच दुखवायचं नाही हे आमचं धोरण, म्हणून आमच्याकडे कुणी फिरकत नाही. व्हर्लिनने मात्र जन्मभर दोन्हीकडच्यांच्या गाड्या बर्फातून ट्रॅक्टरने ओढून काढल्या होत्या. तेव्हा दोन्हीकडे तीन-तीन खांदेकरी मागितले.

झेंडेवाल्यांचा डुएन म्हणाला, "देतो की खांदा! फक्त म्हातारा मत कुणाला द्यायचा, तेवढं सांगा."

पताकावाल्यांच्या मर्नाबाई म्हणाल्या, "अहो, माणूस सोन्यासारखा होता. पण उद्या त्यांच्यातला निघाला, तर आम्ही तोंड कुठे लपवायचं?"

मागणी रास्त वाटल्याने आम्ही मयताच्या राजकीय कलाबाबत उपसमिती नेमली. झेंडेवाले घालतात तसली लाल टोपी सापडली. ती बियाणंवाल्याने फुकट दिलेली निघाली. पताकावाल्यांना शोभेल असं, विजेवर चालणारं गवत कापायचं यंत्र सापडलं. ते जावयाचं निघालं. उपसमितीने मुदतवाढ मागितली आणि मयताला तोवर शीतपेटीत ठेवण्याची शिफारस केली.

शेवटी त्याच्या बायकोलाच, आर्डिसबाईंनाच, विचारलं.

"जमीन गोठायला लागलीय," त्या रडत म्हणाल्या. "आता पुरायचा राहिला, तर बर्फ वितळेपर्यंत असाच पडून राहील. काही लाज आहे का रे तुम्हाला?"

आम्ही लाज वाटून घेतली आणि विषय पुढील बैठकीवर ढकलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाही खांदेकरी हजर! आर्डिसबाईंनी दोन्हीकडे फोन करून हळूच सांगितलं होतं, "कुठे बोलू नका, पण तो मनातून तुमचाच होता." दोन्ही बाजू एकमेकींकडे बघून मिशीत हसत होत्या. दफन अगदी थाटात झालं.

नंतर चर्चच्या तळघरात कॉफी आणि हॅम सँडविच चालू असताना आम्ही बाईंना कोपऱ्यात गाठलं.

"आम्ही तर मधले, आम्हाला सांगायला काय हरकत? नक्की कुणाचा होता हो?"

बाईंनी कप खाली ठेवला. "इतके दिवस चौकशी केलीत. शेवटी त्याला फार त्रास झाला का, हे एकानेही विचारलं नाही."

आम्ही सँडविचच्या बशा आवरायला घेतल्या. वाचकहो, हसू नका. तो कशाने गेला, हे तुम्ही तरी कुठे विचारलंत?