कॅप्टन झिंगू बुडतो तेव्हा

मोरू नाखवाला दोन गोष्टींची पक्की खात्री होती. एक म्हणजे वायरलेसवर कुणी नुसतं खाकरलं तरी तो कुठल्या बोटीवरचा कोण, हे तो डोळे मिटून सांगू शकतो. दुसरी म्हणजे त्याची नात प्राप्ती शिमग्याच्या आत वीसपर्यंतचे पाढे घडाघडा म्हणणार. पहिल्या गोष्टीचा पुरावा मुरुडच्या कोळीवाड्याला अधूनमधून मिळत असे. दुसरीचा मिळायचा होता, कारण प्राप्ती सहाच्या पाढ्यापाशी येऊन वर्षभर नांगर टाकून बसली होती.

तिला तिथून हलवायला मोरूने अलिबागहून टॅब आणला आणि त्यात 'कॅप्टन झिंगूचे पाढे' हा खेळ घालून घेतला. कॅप्टन झिंगू म्हणजे टीव्हीवरची टोपीवाली, मिशांना पीळ दिलेली कोळंबी. वाड्यातल्या झाडून सगळ्या पोरांच्या दप्तरांवर, डब्यांवर, बनियनवर ती होती. मोरूला तिचा मनस्वी राग यायचा. जन्मभर जी कोळंबी टोपलीने विकली, तिला कप्तानाची टोपी घालायची म्हणजे काय? पण प्राप्ती झिंगूशिवाय कुणाचं ऐकत नव्हती, त्यामुळे इलाज नव्हता. टीव्हीवर झिंगू हिंदी बोलायचा. खेळ नवा, मराठीतला, म्हणून आवाजही दुसऱ्याच कुणा बाप्याचा, चांगला भरदार. उत्तर चुकलं की जहाजात पाणी शिरतं, असं काहीतरी दुकानदार समजावत होता. मोरूने पुढचं ऐकून घेतलं नाही. पाणी आणि जहाज या विषयावर दुकानदाराने त्याला शिकवावं, हे त्याला पटलं नसतं.

दुसऱ्या दिवशी प्राप्तीला ताप म्हणून शाळा बुडली. ती टॅब घेऊन वायरलेसच्या फळीखाली अंथरुणात पडली. मोरू तिच्याच शेजारी बसून सकाळपासून वायरलेसवर बोलत होता, म्हणजे आपल्या मुलाला झापत होता. निकेत त्याचा एकुलता एक मुलगा, प्राप्तीचा बाप. तो आगरदांडा-दिघी फेरीबोटीवर सुखाने नोकरी करत होता. यंदा मोरूच्या गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा त्याने निकेतला तिथून उचलून आपल्या बोटीवर तांडेल केलं. बोट, जाळी आणि सहा खलाशी त्याच्या हवाली केले, फक्त तोंड स्वतःकडे ठेवलं. बोट कुठे वळव, जाळं किती सोड, बर्फ कसा घाल, हे सगळं तो घरातून सांगायचा, आणि समुद्रावरच्या बाराही बोटी ते ऐकायच्या. चांगलं केलंस, एवढे दोन शब्द मात्र निकेतने त्या पेटीतून कधी ऐकले नव्हते.

काशीला, मोरूच्या बायकोला, हे तांडेलपण मुळीच मान्य नव्हतं. फेरीबोट या काठावरून त्या काठाला जाते, तिथे बुडायची सोयच नाही, असं तिचं म्हणणं. निकेत पहिल्यांदा बोट घेऊन गेला त्या दिवशी तिने मोरूला बजावलं होतं, "माज्या पोराला कायबी झालं, तर मला तोंड दाखवू नका."

पोटभर झापून झाल्यावर मोरू चहाला भागोजीकडे गेला. भागोजी वाड्याच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. त्याच्याही घरात वायरलेस होता. घोटभर चहा पोटात जातो न जातो तोच त्या पेटीतून एक किंकाळी आली.

"बुडालो! पाणी कंबरेपर्यंत आलं! वाचवा!"

दोघांच्याही हातातला चहा तिथेच राहिला. मागे पाण्याचा खळखळाट चालला होता. भागोजीने माइक उचलून, कोण आहेस, कुठे आहेस, असं विचारलं. उत्तर नाही. पलीकडचा माणूस ऐकतच नव्हता, नुसता ओरडत होता. आता पाणी छातीपर्यंत आलं होतं. मग, आपला एक गडी गेला, असं तो म्हणाला आणि त्याने असा गळा काढला की भागोजीने माइक खालीच ठेवला.

भागोजीने मोरूकडे बघितलं. वाड्यात आवाज ओळखणारा एकच माणूस होता. मोरूचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"निकेत हाय," मोरू म्हणाला.

भागोजीचा पुतण्या सदा होडीचं इंजिन दुरुस्त करत अंगणात बसला होता. तो आत येऊन म्हणाला, की निकेतचा आवाज एवढा जाड नाही. बुडताना माणसाचा आवाज बदलतो, असं मोरूने त्याला सांगितलं. कुणाला बुडताना त्याने ऐकलं होतं, हे विचारायची ती वेळ नव्हती. मध्येच पेटीतून ढोल बडवल्यासारखं काहीतरी झालं आणि तो माणूस "वाचलो, वाचलो" म्हणाला. इंजिन झटके देतंय, असं भागोजीचं मत पडलं. लगेच तो माणूस पुन्हा बुडाला.

निकेतचा फोन लागेना. कासा किल्ल्याच्या बाहेर गेलं की फोन लागतच नाही. घरी काशीला फोन करण्याची मोरूला छाती झाली नाही. घर हाकेच्या अंतरावर होतं, तरी तो तिकडे फिरकला नाही. काय तोंड घेऊन जाणार होता? सदा आणि भागोजीला घेऊन तो थेट बंदरावर धावला. गुडघे दुखतात हे त्या वेळी त्याच्या लक्षातही राहिलं नाही.

बंदरावर बातमी त्याच्या आधी पोचली होती, आणि वाटेत वाढलीही होती. ज्याच्या घरी वायरलेस होता तो घरातून तो उचलूनच घेऊन आला होता. कुणी म्हणे वाऱ्याने बोट उलटली, कुणी म्हणे मोठ्या जहाजाने धडक दिली. "आणखी एक गडी गेला! आता तिघंच उरलो!" असं पेटी ओरडली आणि बायकांमध्ये एकच आकांत झाला. निकेतच्या बोटीवर सात माणसं. म्हणजे चार घरं गेली, आणि ती कुठली, हे काही तो सांगत नव्हता. येसूबाई ही वाड्यातली सगळ्यात जुनी बाई. तिने हात जोडून एकविरा आईला कोंबड्याचा नवस बोलला. मोरूच्या दारातला तांबडा, हेही तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. निकेतची बायको पूनम बाजारातून मासळीची टोपली तशीच टाकून आली होती. ती रडत नव्हती. ती फक्त मोरूकडे बघत होती, आणि ते बघणं मोरूला सहन होईना. त्याने काठावरच्या एका होडीत उडी मारली, मागोमाग सदा आणि भागोजीनेही.

समुद्रावर काय गोंधळ चालला होता ते त्याला पुढे गेल्यावर दिसलं. दर्यावर बुडणाऱ्याची हाक आली की हातातलं जाळं सोडून निघायचं, ही तिथली रीत. मग त्या जाळ्यात सोनं असो. त्या दिवशी जाळ्यांत खरोखरच पापलेट लागली होती. तरी बाराही बोटींनी जाळी सोडून दिली होती आणि आता त्या एकमेकींभोवती गरगर फिरत होत्या, कारण एकमेकांशी बोलायला कुणालाच जमत नव्हतं. बुडणारा माणूस वायरलेस क्षणभरही मोकळा ठेवत नव्हता. प्रत्येक तांडेल दुसऱ्याच्या बोटीवरची डोकी मोजत होता.

मोरूने एकविरेपासून जंजिऱ्यापर्यंत जे जे देव आणि पीर आठवले त्या सगळ्यांना हाका मारल्या. पोराला फेरीबोटीवरून काढायची दुर्बुद्धी आपल्याला झाली, सकाळी शेवटचं बोललो तेही बर्फावरून, हे आठवून त्याला हुंदका आला. तेवढ्यात सदाने समोर बोट दाखवलं. मोरूची स्वतःची बोट पाणी कापत त्यांच्याकडे येत होती. निकेत सुकाणूवर उभा होता, मागे सहाच्या सहा खलाशी, सगळे कोरडे ठणठणीत.

"बाबा, कोन बुडलाय?" निकेतने लांबूनच विचारलं.

मोरूने नुसतं त्याच्याकडे बोट केलं.

"तू," तो म्हणाला.

निकेतने मागे वळून आपली माणसं मोजली, मग उगाचच स्वतःच्या छातीला हात लावून पाहिला. त्याने बापाला हात देऊन बोटीवर घेतलं. बोटीवरचा वायरलेस अजूनही बुडत होता. पाणी गळ्यापर्यंत आलं होतं. मग हा आहे तरी कोण? दिघीकडची एखादी बोट असेल, असं मोरू म्हणाला. त्या अवस्थेतही आवाजाचा जाणकार तोच होता. सगळे कान देऊन उभे राहिले. त्या खळखळाटात एकाएकी एक बारीक आवाज आला, तापाने किंचित बसलेला.

"आजी, सात आठे किती गं? लवकर सांग, कॅप्टन झिंगू मरतोय."

आणि लांब कुठून तरी, परसातून सुकत घातलेल्या बोंबलांच्या पलीकडून आल्यासारखी, काशी ओरडली, "मला काय इचारतेस? आजोबांना इचार. तेंना सगलं येतं!"

मोरूच्या डोक्यात हळूहळू उजेड पडत गेला. वायरलेसवर बोलायचं तर माइकचं बटण दाबून धरावं लागतं. सोडलं की दुसऱ्याचं ऐकू येतं. मोरूला दुसऱ्याचं ऐकायची फारशी हौस नव्हती. हात जाळं विणायला मोकळे राहावेत म्हणून तो बटणावर सायकलच्या ट्यूबचं रबर चढवून ठेवायचा. चहाला निघताना ते तसंच राहिलं होतं.

म्हणजे कोळीवाड्याच्या बारा बोटी पापलेटवर पाणी सोडून एका कोळंबीला बुडण्यापासून वाचवायला धावल्या होत्या! एक खलाशी खाली बसला आणि तोंडात टॉवेल कोंबून हसायला लागला. निकेत हसला नाही. त्याने बापाच्या ओल्या डोळ्यांकडे एकदा बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

रबर काढायला घरी काशी होती, पण तिला सांगणार कसं? घराचा वायरलेस नुसता बोलत होता, ऐकत नव्हता. बंदरावर कळवायचं तर फोन लागत नव्हता. म्हणून मोरू पुन्हा होडीत उतरून परत फिरला, आणि बोटी आपापली जाळी शोधायला गेल्या. काठावर लोकांना भागोजीने थोडक्यात सांगितलं. पूनम मटकन वाळूत बसली आणि आता रडायला लागली. येसूबाईने मोरूला वाटेतच अडवून, देवीला बोललेला कोंबडा परत घेता येत नाही, हे स्पष्ट केलं.

मोरू मान खाली घालून घराकडे चालू लागला. आत जायचं, पहिलं ते रबर ओढून काढायचं, मग काय व्हायचं ते होऊ दे, असं त्याने ठरवलं होतं. पण दारात काशी उभी होती. कुणीतरी पोराने पुढे पळत येऊन तिला एका दमात निकेत बुडाल्याचं आणि न बुडाल्याचं सांगितलं होतं. तिचे हात बोंबलांनी माखलेले होते.

"कुठं व्हतात?" तिने विचारलं. "आनि घरी का न्हाय आलात?"

मोरूला वाटलं होतं आपण काहीतरी ठसक्यात सांगू. पण सकाळपासून आवळून धरलेलं सगळं सुटलं आणि तो उंबऱ्यावरच खाली बसला.

"तुला काय तोंड दाखवू, म्हनून न्हाय आलो," तो म्हणाला. "पोर गेला असं वाटलं गं. आनि तो काय करत व्हता, ठाव हाय? जालं सोडून दुसऱ्याला वाचवायला फिरत व्हता. सगल्यात पुढं त्याची बोट. मला त्याच्या वयात येवढं जमलं नसतं. माज्यापेक्षा चांगला तांडेल हाय तो. त्याला सांगू नको, डोक्यावर बसंल."

काशीने पदराने डोळे टिपले. मोरूनेही धोतराच्या सोग्याने टिपले. आत प्राप्तीने अंथरुणातून मान वर करून, झिंगू वाचला, छप्पन होते, अशी बातमी दिली. तेव्हा कुठे मोरूची नजर फळीवर गेली. वायरलेसचा तांबडा दिवा जळत होता. रबर बटणावर जसंच्या तसं होतं.

त्याने झडप घालून ते ओढून काढलं. पेटीत खरखर झाली. समुद्र शांत होता, जरा जास्तच शांत. मग कुणीतरी घसा साफ केला.

"नाखवा, पुन्हा एकदा बोला. वारा हाय, अर्धंच ऐकू आलं."

"आमच्याकडं पन तसंच जालं," दुसरा म्हणाला. "त्या तांडेलाचं काय म्हनत व्हता?"

तिसरा, चौथा, करता करता अकरा बोटींना नेमकं तेवढंच ऐकू आलं नव्हतं. मोरू माइक हातात धरून लालबुंद उभा होता. सगळ्यांत शेवटी निकेतचा आवाज आला, जरा घोगरा.

"माज्याकडं नीट आलं, बाबा."

मोरूने बटण दाबलं. काशी बघत होती, प्राप्ती बघत होती, समुद्रावरच्या बारा बोटी कान लावून होत्या. आता काहीतरी चांगलं बोलायला हवं, हे त्यालाही कळत होतं. त्याने माइक तोंडाजवळ आणला.

"बर्फ नीट घाल," तो म्हणाला.